ऐंशीच्या पुढं

"हिंदुराव, ही घ्या तुमची गाडी, आणि माझं डोकं तेवढं ठिकाणावर आणून द्या!"

शेटेअण्णांनी गॅरेजच्या दारातच गाडी बंद केली आणि उतरून दार असं आपटलं, की आत माझ्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या आधीच दुमडली. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत आमचं गॅरेज आणि गॅरेजच्या पाठीला पाठ लावून घर. मध्ये एक पत्र्याचं दार होतं, ते लावलेलं मी कधी बघितलंच नाही. त्यामुळं गॅरेजमध्ये कुणी शिंकलं तरी चुलीपाशी कळायचं. लग्न होऊन मला तेव्हा चारच महिने झाले होते.

शेटेअण्णा म्हणजे गुरुबसाप्पा शेटे, गुळाचे बडे अडते. गाडी त्यांच्या वडलांनी घेतलेली, गोल पाठीची, चॉकलेटी रंगाची. माझे सासरे हिंदुराव मिस्त्री ती पहिल्यापासून सांभाळत आलेले. तिला दुसऱ्या कुणाचा हात म्हणून लागलेला नव्हता.

"अण्णा, आता काय झालं?" मामांचा आवाज आला. सासऱ्यांना मी मामा म्हणायची.

"तेच! गावात फिरवली तर लोण्यावानी चालतीया. पुण्याच्या रस्त्याला लागलो, काटा ऐंशीच्या पुढं गेला, की ठसकाय लागली. मिरचीचा खाट नाकात गेल्यासारखी! मागं ट्रकवाला हॉर्न मारतोय, शेजारी आमची मंडळी देवाचं नाव घेतीया, आणि मी आपला घाम पुसत बसलोय."

"प्लग नवे टाकलेत. वायरी नव्या, कॉइल नवी, कंडेन्सर नवा. कार्बोरेटर धुतलाय..."

"हे मागल्या खेपेला पण सांगितलंत. त्याच्या मागल्या खेपेला पण." अण्णांनी आवाज खाली आणला आणि ते जास्त लागलं. "हिंदुराव, राग मानू नका. पण मार्केटात लोक बोलाय लागलेत, मिस्त्रीचा हात गेला म्हणून. आज दुपारी माझ्या डोळ्यादेखत एकदा बघा. न्हाई जमलं तर मी गाडी सांगलीला न्हेतो."

"दुपारी निघू," एवढंच मामा म्हणाले. एरवी त्यांच्याशी वाद घालायला माणूस छातीचा लागायचा.

माझ्या शेजारी आत्याबाई कांदा चिरत होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आक्काताई. त्यांनी विळीवरून मान वर न करता म्हटलं, "हात कशाला जातोय त्यांचा. चांगला चालता धंदा. वैशाखापासनं दृष्ट लागली बघ."

वैशाखात माझं लग्न झालं होतं.

तोंडावर त्या तो शब्द काढत नव्हत्या. पण नळावर, गिरणीत, देवळाच्या पायरीवर सगळीकडं तो बोलला जात होता. सुनेचा पायगुण! आणि खोटं तरी कसं म्हणायचं? गॅरेजची तक्रार खरोखरच लग्नानंतर सुरू झाली होती. आधी एका डॉक्टरची गाडी ठसकली, मग साखर कारखान्याची जीप, मग अण्णांची ही. सगळ्यांची रड एकच, गावात ठीक आणि मोठ्या रस्त्यावर मिसिंग. मामांनी उभ्या आयुष्यात असली नामुष्की बघितली नव्हती. आत्याबाईंनी मिरजेला माझ्या भावाला पत्र घातलं होतं, की शशीला दिवाळसणाला यायचंच आहे, तर आत्ताच घेऊन जा. उद्या रविवारी तो मला न्यायला येणार होता.

दिवाळीला दीड महिना होता. दीड महिना आधी माहेरी धाडलेली नवी सून परत कधी येते, हे काय कुणाला सांगायला लागतं?

माझ्या नवऱ्याला, उदयना, मी विचारलं होतं. "आईच्या मनात तसलं काय न्हाई गं. जरा आराम कर चार दिवस," म्हणाले, आणि पान्यांच्या डब्यात काहीतरी शोधत बसले. मला असा संताप आला होता! माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, रागावून निघून तरी जाता आलं असतं. पण उदय मला आवडत होते. ते घर आवडत होतं. तिथल्या ऑइलच्या वासात मला माहेरच्यासारखं वाटायचं, कारण माझ्या वडलांचं मिरजेत गाड्यांचे डायनामो अन् मॅग्नेटो भरून द्यायचं दुकान होतं. आईविना वाढलेली पोर मी, त्या दुकानातच लहानाची मोठी झाले. बोटं बारीक, म्हणून तांब्याची तार गुंडाळायचं काम माझ्याकडं असायचं. इथं सासरी मात्र कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. नव्या सुनेनं काय काय सांगायचं?

त्या दिवशी मात्र मी तवा खाली उतरवला, हात धुतले आणि पत्र्याच्या दारातून सरळ गॅरेजमध्ये जाऊन उभी राहिले.

"मामा, दुपारी गाडीतनं मी पण येते."

उदयच्या हातातला पाना खाली पडला. मागून आत्याबाई धावत आल्या. "आगं बया! तू कशाला? तू हो आत!"

"आत्याबाई, सगळं माझ्या पायानं बिघडतंय ना? मग पाय गाडीतच ठेवते. बघू या तरी, ठसकती का जागच्या जागी फुटती!"

माझ्या तोंडून हे कसं निघालं, देव जाणे. शेटेअण्णांनी एकदम खोकला काढला, हसू लपवायला. मामांनी माझ्याकडं बघितलं. चार महिन्यांत त्यांनी मला नीट असं पहिल्यांदाच बघितलं असेल.

"येऊ द्या तिला," ते म्हणाले. "न्हाईतरी आता काय जायचं राहिलंय."

दुपारी आम्ही निघालो. उदय गाडी चालवायला, शेजारी अण्णा, मागं मामा आणि मी, मध्ये हत्यारांची पिशवी. पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोलीपर्यंत गाडी अशी गेली की वाटावं, हिला काही झालंच नाही. मोकळा माळ लागला तसं अण्णा म्हणाले, "हं. आता दाबा."

उदयनी दाबलं. साठ, सत्तर. काटा ऐंशीवर आला, जरासा पुढं सरकला, आणि ठस्स! गाडीला उचकी लागल्यासारखा धक्का बसला. मग ठस्स, ठस्स, ठस्स. पाय सैल सोडला की थांबायचं, दाबलं की पुन्हा सुरू.

"झालं," मामा म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले.

मी डोळे मिटून घेतले होते. भीतीनं नव्हे, ऐकायला. पेट्रोल कमी पडलं की गाडी दमते, हळूहळू मान टाकते. ही दमत नव्हती. हिचा जोर मधेच कुणी कात्रीनं कापल्यासारखा तुटत होता आणि लगेच परत येत होता.

"अहो," मी उदयना म्हटलं, "अशीच ठसकू द्या. आणि ठसकताना चावी बंद करून न्यूट्रलवर कडेला घ्या. मधे रेस देऊ नका."

"कशाला?"

"प्लग बघायचेत."

उदयनी आरशातून वडलांकडं बघितलं. मामा वळले. "कुणी शिकवलं हे तुला?"

"वडलांनी. आमचं दुकान होतं मिरजेत, स्टेशनजवळ."

"दुकान होतं हे ठावं हाय मला. सोयरीक काय मी आंधळेपणानं केली व्हय? पण तुला येतं हे कुणी सांगितलं न्हाई." मग उदयना म्हणाले, "ऐक तिचं. घे कडेला."

एका बाभळीखाली गाडी थांबली. उदयनी गरम गरम प्लग काढले, मी ते पदरात धरून नाकाशी नेले. ओले होते, काळे होते, पेट्रोलचा वास भणाणून येत होता.

"मामा, पेट्रोल पोचतंय. जळत न्हाई. करंट कमी पडतोय."

"कॉइल नवी हाय पोरी."

"नव्या कॉइललासुद्धा भरायला वेळ तर लागतोच की. नळ हळू असला आणि घागर लगेच काढली तर अर्धीच भरणार. गाडी पळाय लागली की घागर भरायच्या आत निघतीया." एवढं बोलल्यावर आता मागं कुठं फिरायचं? "टोपी काढून बघू का?"

डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली दोन बारक्या पत्र्या असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. मिटल्या की कॉइल भरते, उघडल्या की प्लगला ठिणगी जाते. उघडल्यावर त्यांच्यात किती फट राहावी हे ठरलेलं असतं. फट वाढली की त्या मिटून राहतात कमी वेळ, आणि कॉइल उपाशी राहते. गावात हळू चालताना कळत नाही, पण पळायला लागलं की कळतं. मी टोपी काढली, पट्टा ओढून इंजिन थोडं फिरवलं आणि पत्र्या उघडल्यावर वाकून बघितलं. माझ्या नजरेला फट मोठी दिसली.

"मामा, ही गॅप जास्त वाटतीया."

झालं! मामांचा चेहरा लालबुंद झाला. "गॅप? माझी गॅप? आगं, तू पाळण्यात असल्यापासनं मी पॉइंट लावतोय! सगळं चुकंल, पण हिंदुरावची गॅप चुकायची न्हाई. प्रत्येक खेपेला ह्या हातानं लावलीया. थांब, दावतो."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला, नखाएवढा रुंद आणि बोटभर लांब, तेलानं काळपटलेला. तेच त्यांचं माप. बाकी मिस्त्री पोलादी पात्यांचं गेज वापरायचे, मामांना त्या पात्यांचा तिटकारा होता. पुठ्ठ्यानं पॉइंटला चरे पडत नाहीत म्हणायचे. त्यांनी तो तुकडा पत्र्यांमध्ये सरकवला. तो जराही न अडकता, जराही न हलता बरोब्बर बसला.

"बघ! हाय का न्हाई बरोबर?"

अण्णांनी सुस्कारा सोडला. उदय जमिनीकडं बघायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर उद्या दारात उभा राहिलेला माझा भाऊ आला. पण नजर मला खोटं सांगत नव्हती. लहानपणापासून पॉइंट बघत आलेली नजर ती.

"मामा, तो तुकडा जरा माझ्याकडं द्या."

त्यांनी दिला. मी बोटांत धरला, चुरून बघितला. गुळगुळीत होता आणि चांगलाच जाड. तेलाखाली बोटाला काहीतरी उठावदार लागलं. मी पदरानं पुसलं. सोनेरी वेलबुट्टीची कड होती, तिच्याखाली 'चि. सौ. कां. श' एवढी अक्षरं, आणि पुढं कात्री चाललेली.

"मामा... ही तर माझ्या लग्नाची पत्रिका."

"व्हय," मामा म्हणाले. "मग? ढीगभर उरल्या होत्या. लग्नाच्या गडबडीत माझं जुनं माप खिशात राहिलं आणि तुझ्या आत्याबाईनं सदऱ्यासंगट धुऊन टाकलं, त्याचा लगदा झाला. मग हे कापून घेतलं."

"जुनं कशाचं होतं?"

"पोस्टकार्डाचं. दुमडून..."

ते थांबले. तोंड तसंच उघडं राहिलं.

मग शेटेअण्णांनी हळूच कोटाच्या खिशात हात घातला. अडत्या माणूस, रोजचे भाव गावोगाव कळवायचे, त्यांच्या खिशात कोरी कार्डं नाहीत असं कधी व्हायचं नाही. त्यांनी एक कार्ड माझ्यापुढं धरलं. मी त्याची पट्टी फाडली, दुमडली, नखानं दाबली आणि पत्रिकेच्या तुकड्याशेजारी उभी धरली. आंधळ्यालाही दिसावं इतका फरक होता.

"आयला!" मामा म्हणाले.

ते बाभळीच्या बुडाशी खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. वैशाखापासून हात लावलेली एकेक गाडी त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावी. मला वाटलं, आता हे चिडणार. सुनेनं भर रस्त्यात, गिऱ्हाइकासमोर चूक दाखवली, कुठला सासरा खपवून घेईल? मी पदर सारखा केला आणि वाट बघत उभी राहिले.

मामांनी पिशवीत हात घातला, बारका स्क्रू ड्रायव्हर काढला आणि दांडा माझ्याकडं करून पुढं केला.

"लाव."

"मी?"

"मग काय अण्णा लावणार? लाव पोरी. मी बघतो."

मी स्क्रू सैल केला, पोस्टकार्डाची पट्टी पत्र्यांत धरली, नुसती घासून जाईल एवढी फट ठेवली आणि स्क्रू आवळला. पुन्हा पट्टी ओढून बघितली. मामा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. ते फक्त "हं" म्हणाले. मी ठिणगीचं टायमिंग पुन्हा जुळवलं, टोपी बसवली, उदयनी प्लग घातले.

"बसा," मामा म्हणाले. "आणि उदय, आता तुझ्या बापाची भीड ठेवू नकोस. दाब."

साठ. सत्तर. ऐंशी. काटा ऐंशीच्या पुढं गेला. पंच्याऐंशी. मी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी आवळून धरली होती. नव्वद!

गाडी गात होती. दुसरा शब्दच नाही. एक सरळ, भरलेला, न तुटणारा आवाज. खिडकीतून वारा असा आत घुसला की माझा पदर उडाला आणि मामांची टोपी मागच्या काचेवर जाऊन आपटली.

"हाण उदय, हाण!" शेटेअण्णा सीटवर उड्या मारायला लागले, एवढे वजनदार गृहस्थ. "बाबांच्या वेळी पळायची तशी पळतीया! अशीच पळायची! लई भारी!"

उदय हसत होते. आरशात बघून त्यांनी मला मान डोलावली, आणि मी त्यांना तिथल्या तिथं सगळं माफ करून टाकलं. मामा मात्र हसत नव्हते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते वाऱ्याला शिव्या देत होते. वळायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. किणी गेलं, वाठार मागंच राहिलं होतं, शेवटी पेठ नाक्याला थांबून अण्णांनी सगळ्यांना कांदाभजी चारली. माझ्या काळ्या हातांनी खाल्लेली ती भजी अजून जिभेवर आहेत.

घरी आलो तर आत्याबाई दारातच उभ्या. चेहरा असा, की जणू कुणी गेल्याची बातमी येणार आहे.

"काय झालं?"

"दोष सापडला," मामा म्हणाले.

"कशात होता?"

"लग्नात."

"मी म्हणत नव्हते!" आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "पहिल्यापासनं सांगतीया, ह्या लग्नातच कायतरी..."

"आगं, ऐकून तरी घे." मामांनी तो पत्रिकेचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. फट, कॉइल, पोस्टकार्ड, सगळं. आत्याबाईंना त्यातलं निम्मं कळलं नसेल. मग मामांनी विचारलं, "छापखानेवाल्यानं आधी पातळ पत्रिका दावली होती. तवा तू काय म्हणालीस?"

आत्याबाई तो तुकडा उलटासुलटा करायला लागल्या.

"बोल की."

"मीच म्हणाले, जाड पायजे." आवाज अगदी बारीक झाला होता. "म्हटलं, पावण्यांत शोभा होईल."

"झाली शोभा!" मामा असे गडगडून हसले की गल्लीतली दोन दारं उघडली.

"हसा!" आत्याबाई उसळल्या. "माणसं पत्रिका देवाफुडं ठेवत्यात, तुम्ही इंजनात घातली! मला काय सपान पडलं होतं?" आणि मग त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. कोपरापर्यंत काळे झालेले. मनगटं धरून त्यांनी ते उलटेपालटे करून बघितले. शेवटी म्हणाल्या, "साबणानं जायचं न्हाई ते. चुलीतली राख घे. थांब, मीच लावते." आणि न्हाणीत बसवून माझे हात त्यांनी स्वतः घासले. जोरात घासले, बांगड्या वाढतील इतक्या जोरात.

रात्री भावाला निरोप द्यायचा राहून गेला. आमच्याकडं कुठला फोन तेव्हा.

रविवारी सकाळीच मामांनी उदयना सायकलवर पिटाळलं. वैशाखानंतर पॉइंट लावलेल्या सगळ्या गाड्या परत बोलवा म्हणून. बघता बघता गल्लीत डॉक्टरांची गाडी, कारखान्याची जीप, दोन टॅक्स्या, आणखी कुणाकुणाचं काय काय येऊन उभं राहिलं. वरातीलासुद्धा एवढी गर्दी नव्हती. मामा प्रत्येकाला स्वतःच्या तोंडानं सांगत होते, "चूक माझी झाली. सून दुरुस्त करून देईल. बसा." मी पदर खोचून एका बॉनेटमधून दुसऱ्या बॉनेटमध्ये जात होते.

त्यात माझा भाऊ आला. हातात पेढ्यांचा पुडा, चेहऱ्यावर चार दिवस न झोपल्याची कळा. मला गाडीत डोकं घालून उभी बघून बिचारा दारातच थबकला. मग आत्याबाईंसमोर वाकला आणि खाली बघत म्हणाला, "आत्याबाई, पत्र पोचलं. शशीला न्यायला आलोय. तयारी झाली असेल तर..."

मी ड्रायव्हर हातात धरून तशीच थांबले. मामाही थांबले. आत्याबाईंनी भावाला नखशिखांत बघितलं.

"कसली तयारी? कुठं न्यायची? डोळं हायत न्हवं? भाईर गाड्यांची रांग लागलीया. ती गेल्यावर ह्या काय मी लावू?" त्यांनी पेढ्यांचा पुडा त्याच्या हातातून काढून घेतला. "बसा. च्या घ्या. आणि च्या घेऊन झाला की तुम्ही पण हात लावा, तुम्हीबी दुकानातच वाढलाय म्हणं. दिवाळसणाला धाडतो आमच्या सुनेला." मग त्या आत वळल्या, आणि पुन्हा मागं फिरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ते पण तिला सवड असली तर!"